लेकुरवाळीची ओटी

लखननं पिकअप लिंबाच्या सावलीत लावली आणि आईच्या मांडीवरची पिशवी उघडून तिचा फोन त्यात पार तळाशी सरकवला. फोनवर तांदळाची पुडी ठेवली, पुडीवर नारळ, नारळावर खणाची घडी. फोन चालूच होता. पलीकडचा फोन लखनच्या हातात होता.

“आता ध्यान दे,” तो म्हणाला. “आत गेल्यावर सासू म्हणायचं न्हाई. आत्या म्हणायचं. सासरच्या माणसाला आत घेत न्हाईत ते.”

“आत्याच हाय की मी,” गुणाबाई म्हणाली.

“मंग झालं तर! खोटं बोलायचंबी काम न्हाई.” तो हसला. आपल्या हुशारीवर तो नेहमी असाच एकटा हसायचा. “पोरगी रातभर रडती म्हण. लखननं माझी शपथ घेतली, आता हात लावणार न्हाई म्हण. जरा रड. सिंधूची ओटी भर आन् घेऊन ये. हितून मला समदं ऐकू येतंय, एवढं ध्यानात ठेव.”

ओटी भर म्हणे! नवरा गेलेल्या बाईनं कुणाची ओटी भरायची नसते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सामान बांधून देताना शेजारची रुक्मिणबाई तेवढ्यासाठीच तोंडाला पदर लावून उभी राहिली होती. पण तीस वर्षांच्या ह्या बाप्याला त्याचा पत्ता नव्हता, आणि गुणाबाईनंही तो दिला नाही. लखनला चुकलास म्हणणं म्हणजे आपल्याच हातानं धोंडा पायावर पाडून घेणं.

दोघांच्या मधे तीन वर्षांची शिवांगी बिस्किटाचा चिखल करत बसली होती. आजी उतरायला लागली तशी तिनं हात पुढे केले.

“ही बसंल माझ्यापाशी,” लखन म्हणाला. “हिची आई भाईर आली की मिळंल.”

गुणाबाईनं उजव्या हातात पिशवी घेतली. डावा हात तिनं सकाळपासून पदराखालीच ठेवला होता. मनगटाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती आणि तिच्याखाली ते वांग्यासारखं सुजलं होतं.

लातूरच्या त्या आडगल्लीत आधारघराची पाटी लहानशीच होती. लोखंडी गेटात एक झरोका होता. कडी वाजवल्यावर झरोक्यात दोन डोळे आले. महामाया त्यांचं नाव. इथली राखण त्यांच्याकडे होती.

“कोण पायजे?”

“सिंधूची आत्या हाय मी. तुमच्याकडून फोन आला व्हता, ती खुशाल हाय म्हणून.”

“माहेरची आत्या?”

“हाव. तिच्या बापाची बहीण.”

शब्द न् शब्द खरा होता. तो फोन तिला आला होता खरा, पण उचलला होता लखननं.

महामायाबाईंनी तिला आत घेतलं आणि गेटाची कडी आतून लावली. त्या कडीकडे गुणाबाई जरा वेळ बघतच राहिली. तिच्या घरी लखननं कडी बाहेरून बसवून घेतली होती.

“हाताला काय झालं, आजी?”

“गाईनं लाथ मारली.”

“कुठली गाय?”

“देवणी. लई आडमुठी हाय.”

रुक्मिणबाईला, गावातल्या डॉक्टरला, दूध घालायच्या डेअरीवर, आठवडाभर तिनं सगळ्यांना हेच सांगितलं होतं. आता ते न अडखळता तोंडातून निघत होतं.

महामायाबाई पिशव्या तपासण्यात भारी कडक. कुणाच्या बापानं डब्यातल्या चिवड्यात चिठ्ठी घालून पाठवली, तीही त्यांनी काढली होती. पण पिशवीचं तोंड उघडलं, वर खण दिसला, खणाखाली नारळ, आणि त्यांचा हात आपोआप मागे आला.

“ओटीचं सामान हाय व्हय? ऱ्हाऊ द्या मग. त्यात कशाला हात घालायचा. फोन-बिन?”

“मला कुठं येतंय फोनमधलं,” गुणाबाई म्हणाली.

शब्द खरे होते, उत्तर मात्र खोटं. ते बोलताना तिची नजर पिशवीवरच होती.

भेटीच्या खोलीत एक बाक, एक टेबल आणि खिडकी. टेबलामागे अधीक्षिका वर्षाराणी मॅडम बसल्या होत्या. नांदेडकडच्या, मवाळ बोलायच्या, पण जागच्या हलायच्या नाहीत. “मावशी, तुम्ही खुशाल बोला. मी इथंच बसणार, तसा नियम आहे,” त्या म्हणाल्या. गुणाबाईनं पिशवी पायाशी ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून मांडीवर घेतली.

सिंधू दारात आली. डोळ्याखालचं निळं आता पिवळं पडलं होतं. जरा अंग भरल्यासारखं वाटत होतं, आठ दिवसांत दोन वेळचं जेवण सुखानं पोटात गेलं असेल.

“आत्या! तू कशी आलीस गं?”

तू म्हणाली. लग्न झाल्यापासून सहा वर्षं ही पोर ‘तुम्ही’च्या खाली उतरली नव्हती. सासू झाल्यावर आत्याला तू म्हणत नाहीत. आज मात्र ती मुखेडच्या माहेरच्या अंगणातली परकरी पोर झाली आणि येऊन आत्याच्या कुशीत शिरली.

हिचं नाव गुणाबाईनंच ठेवलं होतं. बारशाला पाळण्यात वाकून आत्यानं कानात नाव सांगायचं आणि बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. त्या धपाट्यांतच वर मान करून ती भावाला म्हणाली होती, “किशन, ही माझ्या लखनची हां. दुसरीकडं द्यायची न्हाई.” भाऊ हसला होता. भाची सून करून आणायची, घरातली पोर घरातच राहील, आत्याच्या घरात लेकीला कसला जाच? सगळे असंच म्हणाले. आता किशन नव्हता. मुखेडच्या घराला कुलूप होतं. आणि जाच कसला, ते गुणाबाईनं सहा वर्षं भिंतीला टेकून ऐकलं होतं. मधे पडली की मार दोघींना. आपलेच दात आन् आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

गेल्या बाजाराच्या दिवशी सिंधू मागच्या दारानं निघाली तेव्हा शिवांगी आत बापापाशी निजली होती आणि गुणाबाई गाईखाली बसली होती. पोरीच्या हातात पिशवी नव्हती, पायात चपला होत्या. तेवढ्यावरून तिला कळलं. तिनं तोंड गाईकडे वळवलं आणि धार काढत राहिली. संध्याकाळी लखननं विचारलं, तू बघितली असशील. मी धार काढत व्हते, ती म्हणाली. कुठल्या हातानं काढत व्हतीस, असं विचारून त्यानं तो हात धरला.

“आत्या, बोल की,” सिंधू म्हणाली. “माझी शिवांगी कशी हाय?”

गुणाबाईनं पिशवीकडे बघितलं. “पोरगी रातभर रडती,” ती म्हणाली. “लखननं माझी शपथ घेतलीय. आता हात लावणार न्हाई, म्हणलाय.”

सिंधू थोडी मागे सरली. आत्याचं हे बोलणं नव्हतं. आत्या बोलायची तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून, मधे चार शिव्या घालून. हे पिशवीकडे बघून पाठ म्हटल्यागत काय चाललंय?

“खरंच म्हणला?”

“हाव. आईची शपथ.”

हे म्हणता म्हणता गुणाबाईनं पदर बाजूला केला आणि डावा हात मांडीवर ठेवला. चिंधीतून बाहेर आलेली बोटं काळीनिळी होती. सिंधूनं तोंडावर हात नेला.

“अगं बाई! हे कशानं...”

“गाईनं लाथ मारली,” गुणाबाई घाईघाईनं म्हणाली. मग उजव्या हातानं तिनं खण जरासा उचलला आणि नारळ एका बाजूला लोटला. तांदळाची पुडी फुटली होती. तिच्या आड फोनची बारीक हिरवी बत्ती पेटलेली होती.

सिंधूनं ती बघितली. मग आत्याचं मनगट बघितलं. त्या गाईला तिनंही सहा वर्षं पाणी पाजलं होतं. अंगावरून पोर गेलं तरी पाय न हलवणारी गाय ती.

“कुठं हाय शिवांगी?” तिनं हळूच विचारलं.

“भाईर. बापापाशी, गाडीत.”

सिंधू उठून खिडकीशी गेली. खिडकीतून गेट दिसत होतं, गेटावरून लिंबाचा शेंडा, बाकी काही नाही. ती परत येऊन बसली. आता तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

“आत्या, माझ्यानं लेकराबिगर न्हाई ऱ्हावत गं. दूध सुटल्यावरबी छाती दुखती माझी. हितं समदं बरं हाय, पर रातच्याला हात नुसता चाचपत ऱ्हातो.” ती थांबली. “तूच सांग. तू ये म्हणलीस तर मी येते. तू सांगशील तसं.”

टेबलामागे मॅडमची खुर्ची करकरली. त्या काही म्हणणार होत्या, पण थांबल्या. महामायाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या, त्याही तिथंच उभ्या राहिल्या.

आली का पंचाईत! ये म्हणावं तर पोर उठून चालायला लागेल, आणि वेशीच्या आत गाडी शिरली की शपथ संपेल. येऊ नको म्हणावं तर बाहेर तो ऐकतोय. गाडी चालू करेल, शिवांगीला घेऊन जाईल, आणि त्या लेकराला पुन्हा आई दिसायची नाही. मग संध्याकाळी घरी कडी बाहेरून लागेल आणि आत गुणाबाई असेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिला जोरात ओरडावंसं वाटलं. बारशाला नाव ठेवणाऱ्या तोंडात तेव्हाच माती पडली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

तिची नजर पुन्हा पिशवीत गेली. खण. नारळ. सांडलेले तांदूळ. ओटी भर म्हणे! ओटीतलं त्याला काय ठाऊक? काय म्हणजे काही नाही.

गुणाबाई ताठ बसली. पिशवीच्या तोंडाशी वाकून, ठणठणीत आवाजात बोलायला लागली.

“येच तू, पोरी. ओटी भरून न्हेते तुला. पर अशी कशी भरू? लेकुरवाळीची ओटी लेकराबिगर भरत न्हाईत. लेकरू मांडीवर पायजे. न्हाईतर लेकराच्या जिवावर बेततं!”

सिंधू आत्याकडे बघत राहिली. असलं काही नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवांगी झाल्यावर तिचीच ओटी तीनदा भरली होती, आणि पोर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी अंगणात मातीत खेळत होती. गुणाबाईनं तिचा गुडघा दाबला.

“हाव, आत्या,” सिंधू म्हणाली. “तसंच असतंय. शिवांगीला आणा. ओटी भरा. मग येते मी.”

मॅडमनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी महामायाबाई पुढे आल्या. तांब्या ठेवायला वाकताना त्यांना पिशवीतली बत्ती दिसली होती. आपण सोडलेली पिशवी! कानशिलं तापली त्यांची. त्यांनी गुणाबाईचं मोकळं कपाळ बघितलं, मनगट बघितलं, आणि मॅडमना डोळ्यांनीच गप्प केलं.

“आमच्याकडंबी असंच हाय, बाई!” त्या पिशवीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “लेकराबिगर ओटी म्हंजे अपशकुनच की. चला आजी, आणू लेकराला. सवाशीण म्हणून मी भरते.”

गेटाचा झरोका उघडला तेव्हा लखन समोरच उभा होता. शिवांगी त्याच्या काखेत होती.

“ऐकलं मी समदं. असं काय असतंय का?”

“तुला रे काय कळतंय बायांच्यातलं?” गुणाबाई उसळली. कुठून आवाज येत होता तिलाच कळेना. “हिच्या डोहाळजेवणाला ओटी भरली तवा कुठं व्हतास तू? देवणीच्या बाजारात बैल बघत व्हतास! आन् आता मला शिकवायलास?”

लखन जरा ओशाळला. बायांच्या ह्या भानगडीत बोलायला गेलं की तोंडघशी पडतो, एवढं तरी त्याला माहीत होतं.

“मग मीबी येतो आत.”

“ओटीच्या जागी बाप्या?” महामायाबाई म्हणाल्या. “आन् हितं तर मुळीच न्हाई. ओटी भरायला किती येळ लागतो? सिंधूची पिशवी भरूनच ठेवलीय.”

हे ऐकून तो खूश झाला. आली की नाही ताळ्यावर! त्यानं शिवांगीला उघडलेल्या फटीतून आत दिलं, आणि देता देता आईच्या कानाशी वाकला.

“लवकर ये. दुसरा हात धडका हाय तुझा, त्याची फिकीर कर.”

गुणाबाईनं नातीला त्याच धडक्या हातानं कडेवर घेतलं. महामायाबाईंनी कडी लावली, मग खालचा अडसरही लावला. आत येताना शिवांगी बिस्किटाचा हात आजीच्या गालाला पुसत होती.

सिंधूनं लेक मांडीवर घेतली तेव्हा तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो कुणी लिहू नये. मॅडमही खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. महामायाबाईंनी मात्र काम अर्धवट सोडलं नाही. हळदीकुंकू लावलं, पदर पसरायला लावला, खण, नारळ, ओंजळीनं तांदूळ, सगळं रीतसर घातलं. लेकराच्या केसांत दोन दाणे अडकले, तेही झटकू दिले नाहीत.

मग गुणाबाईनं पिशवीच्या तळातून फोन काढला. लोक धरतात तसा कानाशी न धरता तोंडासमोर धरला.

“लखन, ऐकायलास का? ओटी भरली. लेक माहेरी धाडली.”

“कुठल्या माहेरी?” फोनमधून आवाज आला. “मामा मेला, घराला कुलूप हाय! कुठल्या माहेरी?”

“हितंच,” गुणाबाई म्हणाली, आणि फोन मॅडमपुढे केला. “हे बंद करा. मला खरंच येत न्हाई.”

पुढचं व्हायचं तेच झालं. गेटावर लाथा बसायला लागल्या, आईमाईवरून शिव्या, मग पिकअपचा हॉर्न. मॅडमनी पोलिसांना फोन लावला, ओळखीच्या हवालदारबाईंना बोलावून घेतलं. लेकरू लहान आहे, आईपाशीच राहील, पुढचं कोर्ट बघेल, असं त्यांनी सिंधूला दोनदा सांगितलं. सिंधूला एकदाही ऐकू गेलं नाही. ती लेकीची नखं बघत होती.

गुणाबाई उठली. पिशवीची घडी घातली आणि दारापाशी जाऊन चपला शोधायला लागली.

“तुम्ही कुठं निघालात?” मॅडम म्हणाल्या. “मावशी, तुम्हालाही इथं राहता येतं.”

“मला? छे, माझं काय व्हायलंय.” तिनं एक चप्पल पायात घातली. “सांजच्याला धार काढायचीय. गाय माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई.”

“आत्या,” सिंधू म्हणाली.

बाहेर हॉर्न थांबला. मग गेटापाशी, अगदी साध्या, रोजच्या आवाजात लखन म्हणाला, “आई, चल. तुला तरी यावंच लागंल की.”

सगळ्यांनी ते ऐकलं. गुणाबाई एका पायात चप्पल घालून उभी होती. दुसरी पुढ्यातच पडली होती. तिनं ती पायानं ओढली, पण अंगठा काही पट्ट्यात जाईना. दोनदा जाईना. मग ती बाकावर बसली.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमच्या फोनवरून एक फोन लावता का? शेजारच्या रुक्मिणबाईला. नंबर सिंधूला पाठ हाय.”

“काय सांगू?”

“म्हणावं, आज गाईची धार तू काढ. पयलं वासराला पोटभर पिऊ दे. त्याचा बिचाऱ्याचा वाटाबी डेअरीला जातो. मग उरंल ते काढ.”

“आणि उद्या?”

गुणाबाईनं पायातल्या चपलेकडे बघितलं. “उद्याबी तूच काढ, म्हणावं.”

मॅडमनी फोन लावला, सांगितलं, ऐकून घेतलं. मग फोनवर हात ठेवून त्या वळल्या.

“त्या भितात. गाय लाथ मारते म्हणतात. तुमचा हात तिनंच मोडला ना?”

महामायाबाई, सिंधू, मॅडम, तिघी तिच्याकडे बघत होत्या. बाहेर हॉर्न पुन्हा सुरू झाला होता. गुणाबाईनं पायातली चप्पल काढली आणि दोन्ही चपला बाकाखाली सारल्या.

“भिऊ नको म्हणावं,” ती म्हणाली. “गाय लई गरीब हाय. तिनं आजपस्तोर कुणालाच लाथ मारलेली न्हाई.”